इंग्रजीचा एकच आकडा : तापीकाठच्या माध्यमिक शाळा आणि वाचन-लेखनाच्या मूल्यमापनाचा इतिहास

प्रस्तावना

तापीच्या उत्तर तीरावर बुऱ्हाणपूर आणि समोरच्या दक्षिण तीरावर जैनाबाद. खानदेशच्या फारुकी घराण्यातील नसीर खान याच्या काळात या दोन्ही वस्त्यांना नावे मिळाली, अशी परंपरा आहे. शहराला हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव मिळाले आणि पैलतीरावरील वस्तीला त्यांचे शिष्य शेख जैनुद्दीन यांचे. दोघांचेही दर्गे आज महाराष्ट्रात, खुलदाबाद येथे आहेत. गुरूच्या नावाचे गाव एका काठावर आणि शिष्याच्या नावाचे दुसऱ्या काठावर, हा योग शिक्षकांना आवडण्यासारखा आहे. इतिहासाच्या पुस्तकात मात्र जैनाबादचा उल्लेख येतो तो बहुधा एकाच कारणाने. जून १६३१ मध्ये बुऱ्हाणपूर येथे मुमताज महलचे निधन झाले आणि आग्र्याला नेण्यापूर्वी तिचा देह काही महिने जैनाबादच्या बागेत ठेवला होता.

भाषांच्या दृष्टीने हा परिसर पूर्वीपासून संपन्न आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी शिलालेखाबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. त्यानंतर वीसेक वर्षांनी, १६०९ मध्ये, विल्यम हॉकिन्स हा इंग्रज सुरतेहून आग्र्याकडे जाताना बुऱ्हाणपुरात थांबला आणि अब्दुर्रहीम खानखाना यांना भेटला. दोघांचे संभाषण तुर्की भाषेत झाले. खानखानांना इंग्रजी येत नव्हती आणि येण्याचे कारणही नव्हते. परक्या भाषेची परीक्षा त्या दिवशी पाहुण्याने दिली. हॉकिन्सला किती तुर्की येते, हे मोजण्याचे माप अगदी साधे होते. तो काय म्हणतो ते समोरच्याला कळले की नाही आणि समोरचा काय म्हणतो ते त्याला कळले की नाही, एवढेच पाहायचे होते.

पुढील अडीच शतकांत हे माप पार बदलले. आज या पट्ट्यातील मूल घरी उर्दू, मराठी, निमाडी किंवा कोरकू बोलते, शाळेत बहुधा हिंदी किंवा उर्दू माध्यमात शिकते आणि दहावीला इंग्रजीची उत्तरपत्रिका लिहिते. तिच्यावर शेवटी एकच आकडा पडतो. हा आकडा नेमके काय मोजतो, या प्रश्नाचे उत्तर तो कसा घडला याच्या इतिहासात सापडते.

एकाच नदीकाठी दोन परीक्षा

१८५४ च्या वुड यांच्या खलित्यानंतर १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. त्यांचा नमुना लंडन विद्यापीठाचा होता. ही विद्यापीठे सुरुवातीला स्वतः शिकवीत नसत. संलग्न संस्थांतील विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन पदव्या देत. हायस्कूलच्या शेवटी काय येते ते पाहण्याचे कामही त्यामुळे शाळेकडे राहिले नाही. ते शेकडो मैलांवर बसलेल्या, विद्यार्थ्याला कधीही न पाहिलेल्या परीक्षकाकडे गेले.

तापीच्या खोऱ्यात त्याचा परिणाम चमत्कारिक झाला. खानदेश १८१८ पासून मुंबई इलाख्यात होता, म्हणून रावेर-जळगावकडील विद्यार्थी मुंबईच्या मॅट्रिकला बसे. बुऱ्हाणपूर शिंद्यांकडून इंग्रजांकडे आले ते १८६० मध्ये; पुढे निमाड जिल्हा मध्य प्रांतात गेला. मध्य प्रांतातील शाळा आधी कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला आणि नंतर अलाहाबादच्या परीक्षेला विद्यार्थी पाठवीत. नागपूर विद्यापीठ निघाले ते १९२३ मध्ये, आणि शालान्त परीक्षेसाठी प्रांताचा हायस्कूल शिक्षण मंडळाचा कायदा त्याच्या आदल्या वर्षीचा. एका दिवसाच्या बैलगाडीच्या अंतरावर राहणाऱ्या, एकच बोली बोलणाऱ्या दोन मुलांची इंग्रजी अशा रीतीने दोन वेगळ्या शहरांत तपासली जात होती.

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली. १३२ विद्यार्थी बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या २२ जणांत होते. या आकड्याचा उल्लेख सामान्यतः त्या पिढीच्या तेजाची खूण म्हणून केला जातो. तो दुसऱ्या बाजूनेही पाहता येईल. शाळांनी परीक्षेला पाठवण्याच्या लायकीचे ठरवलेल्या दर सहा विद्यार्थ्यांपैकी पाच नापास झाले. त्या ११० जणांना इंग्रजी वाचता येत नव्हते, की वाचलेले लिहून दाखवता येत नव्हते, की गणित आणि इतिहास येत असूनही ते इंग्रजीत मांडता येत नव्हते, हे निकालावरून कळत नाही.

कलकत्त्याला हा गुंता अधिक स्पष्ट दिसतो. प्रारंभी तेथे इतिहास, भूगोल आणि गणिताची उत्तरे देशी भाषेत लिहिण्याची मुभा होती. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती काढून घेण्यात आली आणि प्रत्येक विषयाची उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहावी लागू लागली. भूगोलाचा पेपर हा त्या दिवसापासून इंग्रजी लेखनाचाही पेपर झाला. परीक्षकाने गुण कापले ते नदीचे नाव चुकले म्हणून की वाक्य चुकले म्हणून, हे ओळखण्याची सोय उरली नाही. एका कौशल्याची उणीव दुसऱ्या कौशल्याच्या खात्यात लिहिली जाणे हा मूल्यमापनातील सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट दोष आहे. आपल्याकडे त्याची सुरुवात इथे झाली.

त्याच परीक्षांमध्ये एक गोष्ट मात्र आजच्यापेक्षा बरी होती. भाषांतराचा प्रश्न असे. इंग्रजी उतारा विद्यार्थ्याने आपल्या भाषेत उतरवायचा आणि आपल्या भाषेतील उतारा इंग्रजीत. पहिल्या भागात त्याला इंग्रजी वाचून किती कळते ते दिसे, कारण लिहायचे होते ते स्वतःच्या भाषेत. दुसऱ्या भागात त्याला इंग्रजी किती लिहिता येते ते दिसे, कारण मजकूर आधीच समजलेला होता. वाचन आणि लेखन वेगवेगळे मोजण्याचे हे साधन कोणी मुद्दाम त्या हेतूने बनवले नव्हते. ते हातात होते, एवढेच. १९५० च्या दशकात रचनात्मक पद्धतीचा जोर झाला, भाषांतराला जुनाट ठरवून वर्गाबाहेर काढले गेले आणि त्याबरोबर हे साधनही गेले. भाषांतर शिकवण्याची पद्धत म्हणून कमी पडते, हे बरोबर आहे. पण तपासण्याची पद्धत म्हणून त्याचा वेगळा विचार व्हायला हवा होता, तो झाला नाही.

पाठ केलेले वाचन

इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने शाळांचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन आणि अंकगणिताच्या निकालाशी जोडले. रॉबर्ट लो हे या धोरणाचे शिल्पकार होते. ‘निकालानुसार अनुदान’ ही कल्पना पुढे हिंदुस्थानातही आली आणि १८८२ च्या हंटर आयोगापुढे तिच्यावर बरीच चर्चा झाली. निरीक्षक वर्षातून एकदा येणार, ठरावीक वाचनमालेतील पान वाचायला सांगणार आणि मूल अडखळले तर शाळेचे पैसे जाणार, असा हा व्यवहार होता. शाळांनी त्यावर जो उपाय शोधला तो कोणत्याही शिक्षकाला सहज सुचेल. सगळे पुस्तक पाठ करून घेतले. कवी मॅथ्यू अर्नोल्ड हे स्वतः शाळा-निरीक्षक होते आणि त्यांनी आपल्या अहवालांतून याच गोष्टीवर टीका केली. त्यांच्या मते, परीक्षेच्या पुस्तकातील पान घडाघडा म्हणणे आणि वाचता येणे यांत फार अंतर आहे.

मुस्लिम समाजाच्या दृष्टीने हंटर आयोगाला वेगळे महत्त्व आहे. आयोगाने मुस्लिमांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार केला आणि विशेष उत्तेजनाची शिफारस केली. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये स्थापन केलेल्या अंजुमन-ए-इस्लामची शाळा त्याच सुमारास, १८८० मध्ये, सुरू झाली होती. या प्रयत्नांचा एक अलिखित आधार असा होता की, मुस्लिम विद्यार्थी इंग्रजीत मागे पडतो त्याचे कारण बुद्धीत नसून शाळेतील क्रमात आहे. मकतबात अरबी अक्षरे, मग उर्दू, काही ठिकाणी फारसी, मग प्रांताची भाषा आणि शेवटी इंग्रजी असा तो क्रम होता. मॅट्रिकच्या टेबलावर हे मूल आणि एकाच लिपीतून आलेले मूल एकाच फूटपट्टीने मोजले जात होते.

या कोंडीला सर्वांत धाडसी उत्तर हैदराबादेत मिळाले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे शिक्षणाचे माध्यम ठेवले आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय ठेवला. यात इंग्रजीला कमी लेखलेले नव्हते. विज्ञान येते की नाही ते उर्दूत तपासायचे आणि इंग्रजी येते की नाही ते इंग्रजीच्या पेपरात, अशी ती विभागणी होती. उस्मानियाची चर्चा सहसा अनुवाद विभाग आणि परिभाषा यांभोवती फिरते. परीक्षाशास्त्राच्या अंगाने तिच्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही.

अर्ध्यावर शाळा सोडणाऱ्याचा हिशेब

या इतिहासातील जैनाबादसारख्या गावाला सर्वांत उपयोगी माणूस ढाक्याला भेटतो. मायकेल वेस्ट हे तेथील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगालमधील द्विभाषिकतेवरचा त्यांचा अहवाल १९२६ मध्ये सरकारने प्रसिद्ध केला. शाळेत दाखल होणाऱ्या मुलांपैकी बहुतेक मुले शेवटच्या वर्गापर्यंत पोहोचतच नाहीत, ही साधी गोष्ट वेस्ट यांनी केंद्रस्थानी ठेवली. अभ्यासक्रम मात्र शेवटच्या परीक्षेकडे तोंड करून बांधलेला असतो. मग मधेच शाळा सोडणाऱ्याच्या हाती काय उरते?

त्यासाठी त्यांनी विम्याच्या व्यवहारातील शब्द वापरला. पॉलिसी मुदतीआधी मोडली तर जी रक्कम परत मिळते तिला ‘सरेंडर व्हॅल्यू’ म्हणतात. शिक्षणाचीही अशी किंमत असते आणि ती भाषेच्या प्रत्येक कौशल्यात सारखी नसते, असे वेस्ट यांचे म्हणणे होते. दोन वर्षे इंग्रजी लिहिण्याचा सराव करून शाळा सोडलेल्या मुलाच्या हाती जवळजवळ काही राहत नाही, कारण अर्धवट लेखन कोणाच्याच कामाचे नसते. तीच दोन वर्षे वाचनाला दिली तर थोडे का होईना, वाचता येते. आणि जे वाचता येते ते शाळा सुटल्यावरही वाढू शकते. म्हणून आधी वाचन, असा त्यांचा आग्रह होता. बंगाली मुलासाठी मर्यादित शब्दसंख्येची वाचनमाला त्यांनी याच विचारातून तयार केली. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची सर्वोपयोगी शब्दांची यादी जगभर वापरली गेली.

वेस्ट यांच्यावर टीकाही झाली. बोलण्याला त्यांनी फार मागे ढकलले, हा त्यातला मुख्य आक्षेप होता आणि तो रास्त आहे. पण त्यांचा मूळ प्रश्न आजही जसाच्या तसा उभा आहे. बुऱ्हाणपूर हे यंत्रमागाचे शहर आहे. आठवीनंतर किंवा दहावी नापास झाल्यावर मागावर, दुकानात किंवा शेतात जाणारा मुलगा आणि घरी बसवली जाणारी मुलगी यांच्या हाती इंग्रजीचे काय उरते? औषधाच्या पाकिटावरचे नाव आणि मात्रा, बँकेची पावती, यंत्रावरची सूचना, मोबाइलवर आलेला संदेश यांतील किती त्यांना वाचता येते? शाळेच्या कोणत्याही प्रगतिपुस्तकात याचे उत्तर नाही. नापासाच्या आकड्यात ‘वाचता येते, लिहिता येत नाही’ अशी नोंद करायला जागाच ठेवलेली नाही.

परीक्षकाचीच परीक्षा

फिलिप हार्टॉग यांचा आपल्या देशाशी संबंध तिहेरी होता. १९१७ ते १९१९ च्या कलकत्ता विद्यापीठ आयोगाचे म्हणजे सॅडलर आयोगाचे ते सदस्य होते, त्यानंतर ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले आणि १९२९ च्या शिक्षणविषयक समितीचे अध्यक्षही होते. सॅडलर आयोगाने मॅट्रिकच्या परीक्षेची आणि इंग्रजी माध्यमाच्या दुष्परिणामांची कडक तपासणी केली होती. पुढे इंग्लंडला परतल्यावर हार्टॉग यांनी ई. सी. ऱ्होड्स यांच्याबरोबर परीक्षकांवरच प्रयोग केले आणि १९३५ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्यातील एक प्रयोग प्रत्येक स्टाफरूममध्ये सांगण्यासारखा आहे. शालान्त परीक्षेतील इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका निवडल्या. मूळ परीक्षेत त्या सर्वांना सारखेच मध्यम गुण मिळाले होते. त्या १५ अनुभवी परीक्षकांना तपासायला दिल्या. वर्ष-दीड वर्षाने त्यांपैकी १४ परीक्षकांना त्याच उत्तरपत्रिका पुन्हा दिल्या. एकूण २१० निर्णयांपैकी ९२ निर्णयांत परीक्षकाने पास, नापास किंवा विशेष श्रेणी याबाबत स्वतःचेच मत बदलले होते. दोन परीक्षकांत मतभेद असणे समजण्यासारखे आहे. इथे तोच परीक्षक आणि तीच उत्तरपत्रिका होती.

निबंधवजा उत्तर तपासताना माप किती सैल होते, हे यातून कळले. स्वतंत्र भारतात १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने निबंधात्मक परीक्षेचा हा दोष मांडला. १९५८ मध्ये केंद्रीय परीक्षा विभाग सुरू झाला आणि शिकागोचे बेंजामिन ब्लूम यांच्या मार्गदर्शनाने उद्दिष्टानुसार प्रश्न तयार करण्याची चळवळ देशभर पसरली. ज्ञान, आकलन, उपयोजन हे शब्द आपल्या बी.एड.च्या वह्यांत आले ते तेव्हापासून. त्यातून वस्तुनिष्ठ प्रश्न वाढले. गुण स्थिर झाले, हा फायदा खरा. पण स्थिर गुण मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मुलाला लिहायलाच न लावणे, आणि पुढे बऱ्याच अंशी तेच घडले.

पास होण्याची सक्ती

दरम्यान इंग्रजीचा पेपर हा राजकारणाचा विषय झाला. बिहारमध्ये १९६७ मध्ये शिक्षणमंत्री कर्पूरी ठाकूर यांनी मॅट्रिकसाठी इंग्रजीत उत्तीर्ण होण्याची सक्ती काढली. गरीब, मागास आणि खेड्यातील मुले एका विषयापायी अडकून पडतात, ही त्यामागची कळकळ खोटी नव्हती. पण तशा उत्तीर्णांची ‘कर्पूरी डिव्हिजन’ म्हणून टवाळी झाली आणि इंग्रजी शाळेबाहेरच्या जगात तशीच अडसर राहिली. महाराष्ट्राने २००० मध्ये उलट दिशेचे पाऊल टाकले आणि पहिलीपासून इंग्रजी आणली. मध्य प्रदेशात दहावीला काही वर्षे ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ योजना होती. सहापैकी पाच विषयांत उत्तीर्ण झालेला विद्यार्थी पास ठरे. सोडून द्यायचा सहावा विषय म्हणून अनेकांनी गणित किंवा इंग्रजी निवडणे स्वाभाविक होते. २०२४-२५ या सत्रापासून ती बंद झाली. म्हणजे जैनाबादच्या मुलासाठी ३३ चा उंबरठा पुन्हा उभा राहिला.

सक्ती असावी की नसावी, या वादात पन्नास वर्षे गेली. पेपर काय मोजतो हा प्रश्न त्या वादात कोणत्याच बाजूने लावून धरला नाही. समजा, एका विद्यार्थिनीला अपठित उतारा वाचून कळतो, पण तिला चार ओळी सलग लिहिता येत नाहीत. दुसऱ्याने रजेचा अर्ज आणि ‘माझा आवडता सण’ गाईडमधून पाठ केले आहे, पण उताऱ्यातील एक वाक्यही त्याला लागत नाही. दोघांना ३३ गुण मिळू शकतात. पुढच्या वर्गातल्या शिक्षकाने दोघांना वेगळे काय द्यायचे, ते या आकड्यातून त्याला कधीच कळणार नाही.

अलीकडची सर्वेक्षणे

गेल्या वीस वर्षांत परीक्षेबाहेरची मोजमापे आली. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणात ग्रामीण भागातील घरी जाऊन मुलाला इंग्रजीची मोठी अक्षरे, लहान अक्षरे, शब्द आणि सोपी वाक्ये वाचायला देतात आणि जे वाचले त्याचा अर्थ त्याच्या भाषेत विचारतात. अर्थ स्वतःच्या भाषेत सांगू देणे ही यातील मोलाची गोष्ट आहे; जुन्या भाषांतराच्या प्रश्नाचा चांगला अंश अशा रीतीने परत आला. २०२२ च्या अहवालानुसार देशातील ग्रामीण भागात आठवीतील ४६.७ टक्के मुलांना सोपी इंग्रजी वाक्ये वाचता आली. २०१६ मध्ये हे प्रमाण ४५.३ टक्के होते. १४ ते १८ वयोगटासाठी २८ जिल्ह्यांत केलेल्या २०२३ च्या सर्वेक्षणात ५७.३ टक्के मुलांना इंग्रजी वाक्ये वाचता आली आणि त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांना अर्थ सांगता आला. उरलेल्या एक चतुर्थांशाकडे नीट पाहिले पाहिजे. ती मुले वाचतात, पण त्यांना कळत नाही. अर्नोल्डने पाहिलेली मुले ती हीच. याच सर्वेक्षणात सुमारे पाव मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूरही सहज वाचता आला नाही. अशा मुलाची अडचण इंग्रजीची आहे असे म्हणून सुटका करून घेणे म्हणजे पुन्हा एका खात्यातील तूट दुसऱ्या खात्यात लिहिणे होय.

नोव्हेंबर २०२१ मधील राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात दहावीच्या इंग्रजीचाही समावेश होता. ५०० पैकी २७७ ही देशाची सरासरी आली, आणि गणित व विज्ञानापेक्षा ती बरीच वर होती. पण हे सर्वेक्षण बहुपर्यायी प्रश्नांचे होते, विद्यार्थ्याने फक्त गोल रंगवायचे होते. त्या २७७ मध्ये स्वतः लिहिलेले एकही इंग्रजी वाक्य नाही. ‘असर’ मोठ्याने वाचायला लावते, संपादणूक सर्वेक्षण गोल रंगवायला लावते आणि मंडळाची परीक्षा लिहायला लावते. पण ते लेखन बऱ्याचदा पाठांतराचे असते. ज्याला खऱ्या अर्थाने लेखन म्हणता येईल, म्हणजे स्वतःच्या मनातले, न ऐकलेले चार वाक्यांचे लेखन, ते या तिन्ही मापांतून निसटते.

लिपीचा प्रश्न

उर्दू माध्यमाच्या शाळांपुरती आणखी एक बाब आहे, ती अहवालांत क्वचितच येते. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते आणि तिच्यात ऱ्हस्व स्वर सामान्यतः लिहीत नाहीत. वाचणारा संदर्भावरून ते भरून घेतो. ही सवय वाचनात बळ देते. अपरिचित शब्द संदर्भाने ओळखायला मूल घाबरत नाही. इंग्रजी लिहिताना मात्र स्वराक्षर गाळण्याचा किंवा चुकीचे घालण्याचा मोह तिथूनच येऊ शकतो. देवनागरीतून आलेल्या मुलाची अडचण दुसरी असते. जसे ऐकू येते तसे लिहायचे, ही शिस्त त्याच्या अंगात मुरलेली असते आणि इंग्रजी ती पाळत नाही. एकाच वर्गातील या दोन चुका कागदावर सारख्याच लाल रेघेखाली येतात. त्यांना गुण सारखेच कापले जातात आणि उपायही सारखाच, म्हणजे शब्द दहा वेळा लिहिण्याचा, सांगितला जातो.

बुऱ्हाणपूर किंवा रावेरच्या शाळेतील शिक्षकाला मंडळाचा पेपर बदलता येत नाही. घटक चाचणी मात्र त्याच्या हातात असते. तीत इंग्रजी उताऱ्यावरचे प्रश्न उर्दूत, मराठीत किंवा हिंदीत विचारून उत्तरेही त्याच भाषेत घेता येतात. त्यांचे गुण ‘वाचन’ या रकान्यात जातात. लेखनासाठी परिचित, पण न शिकवलेला विषय देता येतो, उदाहरणार्थ तापीला पूर आला तो दिवस. त्या चार-सहा वाक्यांच्या उत्तरपत्रिका नावे झाकून शेजारच्या वर्गाच्या शिक्षकाकडूनही तपासून घेता येतात. दोन शिक्षकांच्या गुणांत किती अंतर पडते ते पाहायला हार्टॉगप्रमाणे दीड वर्ष थांबावे लागत नाही, एक मधली सुट्टी पुरते.